दिवसा झोपणाऱ्या बाईचा एसी

एसी बंद पडला तेव्हा मी झोपेत होते. मे महिन्यातली दुपार, साडेबारा वाजले असतील. उशी घामानं ओली झाली म्हणून मला जाग आली. भिंतीवरच्या एसीतून वारा येत होता, पण तो बाहेर रस्त्यावर वाहतो तेवढाच गरम. रिमोटनं बंद करून पुन्हा चालू केला. गच्चीवरच्या मशीननं घूं घूं केलं, खट् असा आवाज झाला आणि ती गप्प झाली. थोड्या वेळानं पुन्हा घूं घूं, पुन्हा खट्. मी उठून बसले. रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आले होते आणि रात्री आठला परत जायचं होतं. मधल्या वेळात जेवढी झोप होईल तेवढीच माझी.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. आर्णीत आमचं स्लॅबचं घर आहे, खाली दोन खोल्या आणि वर एक. वरची खोली मी झोपायला घेतली, कारण खाली दिवसभर माणसांची ये-जा. पण त्या खोलीच्या डोक्यावर उघडी गच्ची. मे महिन्यात अकरा वाजल्यापासून तिथल्या भिंतीला हात लावून ठेववत नाही. आधी तिथं कूलर लावून पाहिला होता. खिडकी बंद ठेवली तर खोली नुसती दमट होते, उघडली तर उजेड आणि झळ दोन्ही आत. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी माझ्या पगारातून तो एसी घेतला. तेव्हाही घरात कुणाला तो पटला नव्हता. रात्री गच्चीवर वारं असतं, खाली कूलर असतो, मग एसी कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. सगळे रात्री झोपणारे.

मी खाली आले. आमचे मिस्टर हायस्कुलात विज्ञान शिकवतात, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी होती. मुलगी अमरावतीला शिकायला, त्यामुळे घरी आम्ही दोघंच. ते समोरच्या खोलीत कूलरपुढं लोळून मोबाईल पाहत होते.

"एसी बंद पडला," मी म्हटलं.

"असं? पाहू मंग." नजर मोबाईलवरच. "आज अठीच झोप ना. कूलर चालूच आहे."

मी तिथंच आडवी झाले. शेजारचे काका पेपर वाचायला आले, त्यांच्याशी राजकारण सुरू झालं. टीव्हीवर बातम्या. दोन वाजता मी उठले आणि कणीक भिजवायला घेतली. झोप येत नसेल तर निदान काम तरी होईल, असं मनात म्हटलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा रागानं माझा हात परातीवर जोरात आपटला.

दवाखान्यातला लसींचा फ्रिज दुरुस्त करायला एक चाचा येतात. बसस्टँडच्या मागं त्यांचं छोटंसं दुकान आहे. आधी जळालेल्या पंपांच्या मोटारींची तार भरायचे, आता फ्रिज आणि एसीही पाहतात. त्या फ्रिजवर गावातल्या लेकरांच्या लसी अवलंबून असतात, आणि इतक्या वर्षांत चाचांनी आम्हाला एकदाही अडचणीत सोडलं नाही. मी मिस्टरांना म्हटलं, "चाचांना बोलावते."

"नको नको. कंपनीचाच माणूस पाह्यजे. हे मिस्त्री लोक आतले पार्ट बदलून टाकतात, आपल्याले कळत पण नाही."

ते विज्ञानाचे मास्तर. मी ऐकलं. ही माझी चूक, ती मी कबूल करते.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला, तोही दुपारी दोन वाजता. निळा शर्ट, पाठीवर बॅग, वय पस्तीसच्या आसपास. खोलीत उभं राहून त्यानं रिमोट दाबला, वरचा घूं घूं आणि खट् ऐकला, घड्याळ पाहिलं.

"कंप्रेसर गेला, सर," तो मिस्टरांकडे पाहून म्हणाला. "सहा वर्षांची मशीन आहे. याच्यात पैसे टाकू नका. शोरूममध्ये जुना देऊन नवा घ्यायची स्कीम चालू आहे."

मी दारात उभी होते. डोळ्यांची आग होत होती. एसी माझा, खोली माझी, झोप माझी. पण तो एकदाही माझ्याशी बोलला नाही. दहा मिनिटांत गेला.

मग आमच्या घरात अभ्यास सुरू झाला. मिस्टरांनी शाळेची एक कोरी वही काढली. पट्टीनं रकाने आखले. किती तारे, किती टन, तांब्याची जाळी की दुसरी, आवाज किती. नागपूरच्या चुलतभावाला फोन. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळीत चर्चा. एक म्हणे दुरुस्त करा, आजकालच्या मशिनी टिकत नाहीत. दुसरा म्हणे जुना फेका, बिल कमी येईल. तिसऱ्यानं मोबाईलवर तासाभराचा व्हिडिओ पाठवला. तो व्हिडिओ आमच्या घरात मोठ्या आवाजात लावला गेला, दुपारी एक वाजता, मी जिन्याखाली ओली चादर अंगावर घेऊन पडले असताना.

"नवा घ्या नाहीतर जुना दुरुस्त करा," मी तिथूनच ओरडले, "पण काहीतरी करा!"

"अवं, तेच तर करून राह्यलो ना! घाईघाईत घेतला अन् फसलो तर मंग तूच बोलशील."

या काळात त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, तुला काय वाटतं म्हणून. रागीट माणसाला लोक विचारत नाहीत, आणि मला विचारत नाहीत म्हणून मी रागीट होत चालले होते. एका दुपारी नणंदेचा फोन आला. ते बाहेरच्या ओट्यावर उभं राहून बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"नाही, घरीच आहे वहिनी तुझी. झोपून आहे. हो ना, दिवसभर... अवं, एसी बंद पडला ना, म्हणून चिडचिड करून राह्यली नुसती. सवय वाईट."

दिवसभर झोपून! त्या दिवशी सकाळपासून माझी चाळीस मिनिटं झोप झाली होती. रात्रभर जागलेल्या बाईनं दिवसा पाठ टेकली तर तिला झोप म्हणत नाहीत, लोळणं म्हणतात. हेच जर पुरुष माणूस रात्रभर ट्रक चालवून आला असता तर घरातल्यांनी लेकरांना ओरडून बाहेर पाठवलं असतं, बापाला झोपू द्या म्हणून. मी उठून ओट्यावर जाणार होते. गेले नाही. ओली चादर पुन्हा डोक्यावरून ओढून घेतली.

दवाखान्यात तेव्हा आम्ही तीनच सिस्टर होतो, एक बाळंतपणाच्या रजेवर गेलेली. त्यामुळं माझी नाइट लांबत गेली. दहाव्या रात्रीनंतरची सकाळ, सहा वाजत आले होते. एका बाईची डिलिव्हरी झाली, बाळ चांगलं होतं, बाईचा रक्तदाब मात्र वाढलेला. तिला एक इंजेक्शन द्यायचं होतं. मी ट्रेमधून काचेची कुपी उचलली, तोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं. हात आपोआप चालत होता. रिकामी कुपी टाकताना सवयीनं नाव वाचलं. ते दुसरंच इंजेक्शन होतं. रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला जे चुकूनही द्यायचं नसतं, नेमकं ते.

सिरिंज भरलेली माझ्या हातात. बाई माझ्याकडे पाहून हसली, म्हणाली, "सिस्टर, किती जागता तुम्ही."

मी सिरिंज टाकली, दुसरी कुपी घेतली, नाव तीनदा वाचलं आणि बरोबर इंजेक्शन दिलं. त्या बाईला काहीच कळलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

घरी आले तर मिस्टर वही घेऊनच बसलेले. "हे पाह्य, आता दोनच मॉडेल राह्यले," ते म्हणाले.

मी ती वही हिसकावली आणि अंगणात भिरकावली. मग मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या दोन खिडक्या उघडल्याचं आठवतं. कुपीचं सांगितलं. ती बाई मेली असती, हे सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "मंग रजा घे ना दोन दिवस."

रजा घे! दहा दिवस तुम्ही रकाने आखता, आणि रजा मी घेऊ. माझ्या जागी कोण उभं राहणार होतं, तिथं आधीच एक कमी. मी स्कूटीची चावी घेतली आणि तशीच गणवेशात चाचांच्या दुकानावर गेले.

"चाचा, एसी बंद पडून दहा दिवस झाले. कंपनीवाला म्हणतो कंप्रेसर गेला."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "दहा दिवस? अन् सिस्टर, तुम्ही तो रातभर जागते ना?" गावात हे लक्षात असलेला तो पहिला माणूस. "उद्या सकाळी येतो. धूप चढायच्या आत."

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले, तोवर चाचा फाटकाशी हजर होते. मिस्टर घरी नव्हते, कुठं गेले ते सांगून गेले नव्हते. आम्ही गच्चीवर गेलो. चाचांनी मशीनचं झाकण काढलं आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. मागची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पांढुरक्या गोधडीसारखा थर बसला होता. आमच्या घरामागं जिनिंगचा कारखाना आहे. हिवाळाभर तिथं कापसातून सरकी काढली जाते, रुईचे बारीक तंतू हवेत असतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, हे आम्हाला रोजचं. ते एसीतही बसत असतील हे डोक्यात आलं नव्हतं.

चाचांनी आतलं एक डबीसारखं काढून माझ्या हातावर ठेवलं. ते वरून फुगलेलं होतं. "हे पाहा, कपॅसिटर. हे गेलं म्हणून पंखाच नाही फिरून राह्यला. पंखा नाही, वरून हा कापूस. मंग कंप्रेसर तपते अन् बंद होते. गेला नाही तो. जीव वाचवून राह्यला आपला."

"म्हणजे नवीन घ्यायची गरजच नाही?"

चाचांनी एका नळीच्या जोडावर बोट ठेवलं, तिथं तेलाचा काळपट डाग होता. "खोटं नाही बोलनार, ताई. अठून गॅस हळूहळू निघून राह्यला. मी जोड पक्का करून देतो, गॅस टाकतो. एक उन्हाळा तो पक्का निघंल. दोन निघाले तर चांगलंच. नवा घ्या म्हणाल तर घ्या, मी अडवत नाही. पण कंप्रेसर गेला म्हणून घेऊ नका."

अकरा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या मशीनबद्दल कुणीतरी मला सांगत होतं, मला दाखवत होतं, आणि ठरवायचं माझ्यावर सोडत होतं.

"मला आज झोपायला मिळेल का?"

"दोन-अडीच तासात."

"मग करा."

चाचा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं जाळी धूत होते, गच्चीवरून रुईमिश्रित काळं पाणी वाहत होतं, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. मी कठड्यावरून पाहिलं. फाटकाशी टेम्पो उभा. त्यात भलामोठा खोका. टेम्पोतून कंपनीचा तोच निळ्या शर्टवाला उतरला, आणि पाठोपाठ स्कूटरवरून आमचे मिस्टर. वर पाहून ते हसले. लग्नानंतर पहिल्यांदा साडी आणली होती तेव्हा हसले होते तसे.

"सरप्राइज!" ते खालून ओरडले. "घेऊन टाकला! आज लावूनच देतात!"

मी जिना उतरले. त्यांना वाटलं मी खूश होऊन येतेय.

"मला विचारलं?"

"अवं, तूच तर काल..."

"मला विचारलं का? अकरा दिवस गावाला विचारलं. नागपूरला विचारलं. मला एकदा तरी विचारलं?"

"आता हे पाह्य," त्यांचा आवाज चढला, "नाही घेतला तरी बोलते, घेतला तरी बोलते! मी सकाळपासून उपाशी फिरून राह्यलो हिच्यासाठी!"

"मला सरप्राइज नको होतं. मला झोप पाहिजे होती."

ते खरंच उपाशी होते, ओठांवर पांढरं आलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यासाठीच केलं होतं, हे मला दिसत होतं. त्यानं राग कमी झाला नाही. उलट त्यांच्या चांगुलपणाला मध्ये आणून ते मला पुन्हा चुकीची ठरवत आहेत असं वाटलं आणि तो वाढला.

तेवढ्यात गच्चीवरून चाचांची हाक आली, "ताई, पंखा लागला! चालू करून पाहा!" मी वर खोलीत गेले, सगळे माझ्या मागं आले. रिमोट दाबला. वर मशीन सुरू झाली आणि सुरूच राहिली. खट् झालं नाही. वारा अजून गार नव्हता, गॅस टाकायचा होता, पण पंधरा मिनिटं ती बंद पडली नाही.

मी निळ्या शर्टवाल्याकडे वळले. "त्या दिवशी गच्चीवर गेला होता का तुम्ही?"

"मॅडम, आवाजावरूनच कळते..."

"गेला होता का?"

तो खाली पाहायला लागला. "नाही गेलतो."

"कायले नाही गेले?" माझ्या तोंडून माहेरची भाषा बाहेर आली. "झाकण न उघडता मशीन मेली म्हणून सांगता? आम्ही दवाखान्यात असं केलं तर लोक आम्हाले जिवंत सोडतील का? तुमच्या त्या एका शब्दावर मी आठ दिवस झोपले नाही. कोणाचा जीव जाता जाता राह्यला, माहीत आहे का तुम्हाले?"

मिस्टर म्हणाले, "जाऊ दे आता." मी म्हटलं, "नाही जाऊ देत."

त्या माणसानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "मॅडम, दिवसाचे दहा कॉल देतात. दहाही गच्च्या. त्याच्या आदल्या दिवशी एका गच्चीवर चक्कर येऊन पडलो मी. तुमच्या घरी दोन वाजले होते. वर जायची हिंमतच नाही झाली. अन् जुनी मशीन असली तर नवी खपवा, असंच सांगून ठेवलं आहे."

तेव्हा मी त्याच्याकडे नर्सच्या नजरेनं पाहिलं. ओठ फाटलेले, डोळे खोल, शर्टावर घाम वाळून मिठाचे पांढरे पट्टे. वॉर्डात आला असता तर मी त्याला आधी सलाईन लावली असती. मी त्याला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं आणि तो ते एका दमात प्यायला. पण मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. तो खोटं बोलला होता. फक्त आता सगळा राग त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ओतता येत नव्हता. त्यातला अर्धा शोरूमच्या थंड केबिनमध्ये बसून दहा-दहा कॉल वाटणाऱ्याकडे गेला, आणि तो माणूस काही माझ्यासमोर नव्हता.

खोका परत गेला. शोरूमवाल्यानं कुरकुर केली, थोडे पैसे कापले. मिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी मी साडेबाराला झोपले ते सहाला उठले. झोप झाली की राग जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. नीट झोपून उठल्यावर तो राग मला नीट कळला. त्या अकरा दिवसांत मी थकव्यानं चिडते आहे असं सगळे म्हणत होते आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. थकवा गेला तरी राग जागच्या जागी होता. म्हणजे तो खराच होता.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी हे मिस्टरांना शांतपणे सांगितलं. म्हटलं, "मी रात्री काम करते, दिवसा झोपते. तुम्ही रात्री झोपता तशीच. ती खोली माझी रात्र आहे. तिच्यातलं काही बिघडलं तर ठरवणार मी."

ते बराच वेळ भात कालवत राहिले. "मी वाईटासाठी नव्हतो करून राह्यलो," ते म्हणाले.

"माहीत आहे. तरी राग येतो."

चाचांनी दुरुस्त केलेली मशीन दोन उन्हाळे चालली. दर होळीला ते येऊन जाळी धुऊन जायचे. यंदा मार्चमध्ये गॅस दुसऱ्यांदा गेला. चाचा म्हणाले, "ताई, आता मात्र पैसे वाया जातील," आणि त्यांचं मी पटकन ऐकलं. चाचांना सोबत घेऊन शोरूममध्ये गेले, अर्ध्या तासात नवा घेतला. बाहेरची मशीन जिनिंगच्या बाजूला लावू दिली नाही, सावलीच्या भिंतीवर लावून घेतली. मिस्टरांना घरी आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं केलं." पण परवा फिरायच्या मंडळीतल्या कुणाला तरी ते सांगत होते, "आम्ही वेळेवर बदलून टाकला एसी." आम्ही! मी स्वयंपाकघरात होते. हातातलं लाटणं तसंच राहिलं.

आता मी झोपले असताना ते घरात आवाज होऊ देत नाहीत, हे खरं आहे. मागच्या आठवड्यात दुपारी कुणीतरी फाटक वाजवलं. मी अर्धवट जागी झाले, पुन्हा डोळा लागणार होता, तेवढ्यात खालून त्यांचा वर्गात पोरांवर ओरडतात तसला आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा: "अरे, हळू वाजव ना बाप्पा! वर बाईमाणूस झोपलं आहे!"

मी टक्क जागी झाले. खोली छान गार होती. छताकडे पाहत मी त्यांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत पडून राहिले, आणि चार वाजेपर्यंत काही पुन्हा झोप लागली नाही.